नरांच्या शेडला पंखा नव्हता

सिन्नरजवळ, ४ एप्रिल

दिशा,

तुझ्या पप्पांनी अंधाऱ्या खोलीत एक अंडं टॉर्चवर धरलं, फिरवलं, बादलीत टाकलं आणि म्हणाले, "माद्या बाद झाल्या. गाडी बोलवा." माझं सगळं त्या क्षणी बदललं. व्हेटर्नरी कॉलेज सोडलं तेव्हा नाही. तू मला ब्लॉक केलंस तेव्हाही नाही.

आता तू पत्र खाली ठेवशील आणि म्हणशील, हा माणूस माझ्या पप्पांच्या अंधाऱ्या खोलीत काय करत होता. सांगतो. मी फेब्रुवारीपासून तुमच्या फार्मवर सुपरवायझर आहे. घोटी रस्त्यावर बोर्ड होता, 'माणूस पाहिजे', खाली नंबर. तो नंबर मला पाठ होता, कारण आपण बोलत असताना तुझ्या मोबाईलवर 'पप्पा' म्हणून तोच यायचा आणि तू घाईनं उठून जायचीस.

त्यांनी नाव विचारलं. राकेश म्हणालो. आडनाव विचारलं, सांगितलं. मग जरा थांबले. ते थांबणं मला लहानपणापासून ओळखू येतं. मग म्हणाले, "कोंबडा धरता येतो का?" म्हणालो, येतो. "मग उद्यापासून ये." एवढीच मुलाखत. आपलं काही त्यांना माहीत नाही, आणि मी होऊन सांगणार नाही. तू कधी सांगशील ते तुझं तू बघ.

तू म्हणाली होतीस, डिग्री घेतल्याशिवाय माझ्या घराच्या दारात येऊ नकोस. आलो. डिग्री नाही, तरी आलो. सर भर वर्गात म्हणाले की तुझ्यासारख्यांना सीट मिळते, डोकं मिळत नाही, आणि मी खुर्ची फेकली. तू तेव्हाही म्हणालीस, माफी माग, वर्ष वाचेल. खुर्ची त्यांना लागली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

असो. अंड्यांचं सांगायचं होतं. ही अंडी खायची नाहीत हे तुला ठाऊक आहे. ती हॅचरीला जातात, पिल्लांसाठी. मार्चच्या शेवटापासून उबवणीच्या मशीनमधली निम्मी अंडी कोरी निघतायत. आत लाल रेषा नाही, जीव नाही, नुसतं पिवळं. पप्पांचा हिशोब सरळ आहे. अंडं कोंबडी देते, म्हणजे खोट कोंबडीत. सगळ्या माद्या खाटकाच्या गाडीत भरायच्या आणि नवा लॉट आणायचा.

ज्या प्रश्नाला मी तिसऱ्या सेमिस्टरला नापास झालो होतो, त्याचं उत्तर आता येतंय मला.

राकेश


फार्मवरून, १३ एप्रिल

दिशा,

उत्तर नाही. ठीक. हॉस्टेलच्या पत्त्यावर गेलेलं पत्र परतही आलेलं नाही, म्हणजे तू वाचलंस.

तू तुझ्या फार्मची नरांची शेड शेवटची कधी बघितलीस? माद्यांच्या शेडला पप्पांनी पंखे लावलेत, पाण्याचा फवारा आहे, बाजूंना ओले गोणपाट आहेत. कोंबडे ठेवलेत पलीकडे, जुन्या बुटक्या शेडमध्ये. वर उघडा पत्रा. पंखा एक नाही. दुपारी तिथं उभं राहिलं की डोक्यात घण पडतात. कोंबडे चोची उघडून, पंख अंगापासून लांब धरून धापत असतात. त्यांना घाम येत नाही. धाप टाकली तरच उष्णता बाहेर जाते, दुसरा रस्ता नाही.

सहादू माझ्यासोबत असतो, पंधरा वर्षं हेच काम करतोय. तो कोंबडा मांडीवर धरतो, मी पाठीवरून हात फिरवतो आणि काचेच्या नरसाळ्यात सिमेन घेतो. मग ते माद्यांना एकेक थेंब द्यायचं. फेब्रुवारीत ते दाट, पांढरं यायचं. आता पाण्यासारखं येतं, आणि तेही थोडं. ऊन वाढलं तसं एक दिवस मी बघितलं की सहादू त्यात सलाईन ओततोय.

"किती टाकतोस?"

"पुरंल एवढं."

"कशाला पुरंल?"

"समद्या माद्यांला पुराया नको का? एकीला दिलं, एकीला नाय, असं कसं करता येईल, सर?"

त्याच्या मनात काही वाईट नाही. इथं सगळे असंच करतात. कोंबडा कमी देतोय हे कोणी बोलत नाही, कमी पडलं की पाणी वाढवतात. म्हणून कोणाला कळलंच नाही की कमी पडतंय.

मी पप्पांकडे गेलो. त्यांना मी आण्णा म्हणतो, सगळे म्हणतात. ते खाटेवर बसून कलिंगड खात होते.

"आण्णा, माद्या विकू नका. नर उन्हानं गेलेत."

"नराला काय होतंय रे? नर तगडा असतो."

"तगड्यालापण ऊन लागतं."

"अंडं कोण देतं?"

"कोंबडी."

"मग कोरं कुणाचं?"

तुझ्या पप्पांशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी कुस्ती. तरी मी बसलो. म्हटलं, उन्हाचा मार माद्यांवरही आहे. मेंदूतून अंडाशयाला जे हार्मोन जातं तेच कमी होतं, म्हणून अंडी घटतात. धापून धापून रक्ताचं गणित बिघडतं, म्हणून टरफल पातळ येतं. ते सगळं खरं. पण त्यांना तुम्ही पंखा दिलाय, म्हणून त्या अजून तग धरून आहेत. कोंबड्याचं सगळं पोटात असतं, तापलेल्या अंगात. टेस्टोस्टेरॉन खाली गेलंय, बीज मरतंय. आणि एकदा बिघडलं की सावलीत नेल्यावरही नवं चांगलं बीज तयार व्हायला दोन आठवडे लागतात.

ते ऐकत होते. बिया थुंकत होते, पण ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नरांचे दोन पिंजरे हलव माद्यांच्या शेडमधी. महिनाभर गाडीवाल्याला थांबवतो. कोरी निघाली तर तूच गाडीत भरायच्या कोंबड्या. एकट्यानं."

"भरीन."

"लय बोलतो तू," ते म्हणाले. आणि मला कलिंगडाची फोड दिली. त्यांच्याच ताटातली. तुला सांगायचं होतं म्हणून लिहिलं.

राकेश


फार्मवरून, २७ एप्रिल

दिशा,

तुला बातमी कळली असणार. तुझ्या संतोषदादानं फोन केला असेल, आणि त्यानं सांगितलेल्यातलं अर्धं खरं असेल. उरलेलं अर्धं हे.

दादाची बायको, निकितावहिनी, अंड्यांच्या खोलीत काम करते हे मला इथं येईपर्यंत माहीतही नव्हतं. अंडी पुसायची, तडकलेली बाजूला काढायची, टोक खाली करून ट्रेमध्ये लावायची. तिच्याइतकं हलक्या हातानं ते कोणी करत नाही. मला ती भाऊ म्हणते. तू आणि मी एकमेकांचे कोण आहोत हे तिला ठाऊक नाही.

रविवारी तुझ्या गोजराआत्या आल्या. दादालाही सुट्टी होती. आत्यांनी अंड्यांच्या खोलीच्या दारातूनच आत बघितलं आणि पप्पांना नावानं हाक मारत म्हणाल्या, "कारभारी, आता कळलं मला अंडी का कोरी निघत्यात. हिला इथं कशाला ठिवली? जिची कूस उघडली नाय तिचा हात बियाण्याला लावीत नसत्यात. पेरणीला बोलवीत नाय आपण असल्या बाईला, आन् तू तिला पिल्लांची अंडी हाताळू देतो?"

पप्पांनी नुसती टोपी सारखी केली. दादा मोबाईल बघत होता. वहिनीनं हातातलं अंडं ट्रेमध्ये ठेवलं, हात पदराला पुसले आणि बाहेर आली. कोणी जा म्हटलंच नाही. ती आपली आपणच निघाली.

मी समोरच्या नळावर नरसाळी धूत होतो. आता तू म्हणशील, तुला मध्ये पडायला कोणी सांगितलं होतं. कोणी नाही.

मी म्हटलं, "आत्याबाई, त्या खोलीत येतं तेव्हाच अंडं कोरं असतं. वहिनींचा हात नंतर लागतो. खोट बघायची तर नरांच्या शेडमध्ये या, दुपारचं."

"तू कोण रे?"

"मी कोंबडे बघतो. त्यांना कोणी बघत नव्हतं. इथं सगळे मादीकडेच बोट दाखवतात. घरात तरी नराकडे कोणी बघितलंय का?"

हो, असंच म्हणालो. शब्द बदलून लिहिणार नाही.

दादा उठला. "काय बोलला रे, अर्ध्या डॉक्टर?"

"अंबडच्या कारखान्यात भट्टीपुढं दिवसभर उभे असता ना तुम्ही. तपासून घ्या म्हणालो. त्यात शिवी कुठंय?"

त्यानं माझी कॉलर धरली. सहादू कोंबडा काखेत घेऊनच मध्ये घुसला, आणि त्या कोंबड्यानं दादाच्या हाताला टोच मारली. सगळा फार्म जमला होता. हसलं कोणी नाही. मीही नाही, नंतर खोलीवर गेल्यावर हसलो.

आता ठरलंय असं की पावसाआधी वहिनीला सायखेड्याला तिच्या माहेरी नेऊन सोडायचं. "थोडे दिवस." त्या थोड्या दिवसांचा अर्थ तुला माहीत आहे. मला कामावरून काढलेलं नाही, कारण महिना भरला नाही आणि पप्पा शब्दाचे पक्के आहेत.

तू मला कँटीनमागे सांगितलं होतंस की वहिनीच्या तपासण्या तीनतीनदा झाल्या, तिच्यात काही निघालं नाही, आणि दादा डॉक्टरच्या पायरीवरही चढत नाही. तू रडली होतीस तेव्हा. ते मी बोललो. तुझं नाव घेतलं नाही.

राकेश


फार्मवरून, १२ मे

दिशा,

तुझं पत्र आलं. एकच पान. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय, आणि त्यात माझ्यासाठी एकही चांगला शब्द नाही.

तू लिहिलंस, 'कोंबड्यावरून माणूस ठरवू नकोस. कोंबड्याचे वृषण पोटात असतात, माणसाचे बाहेर, ते त्याच कामासाठी बाहेर असतात. भट्टीवर काम करणारे कितीतरी जण बाप आहेत. हे तुला फर्स्ट इयरला शिकवलंय.' बरोबर आहे. भट्टीचं मी जोरात बोललो, ते माझ्या माहितीत नव्हतं. ते तुझ्याकडून घेतो. हुशार तू आहेस, मी कधी नाही म्हटलं?

पण तू पुढं लिहिलंस, 'मी विश्वासानं सांगितलेलं तू चारचौघांत फेकलंस. दादा घरात तोंड वर करत नाही. सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर मला पुन्हा लिहू नकोस.'

दादा तोंड वर करत नाही, दोन आठवडे झाले असतील. वहिनी तोंड वर करत नाही त्याला तीन वर्षं झाली. तिच्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. मी दोनदा शोधली.

आता अंड्यांचं. काल सकाळी अंधाऱ्या खोलीत पप्पा, मी आणि सहादू. हलवलेल्या दोन पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांचं सिमेन आम्ही एका रांगेतल्या माद्यांना देत होतो, सलाईन न वाढवता. त्या रांगेची अंडी, आठवडाभर मशीनमध्ये उबवलेली. पप्पांनी पहिलं टॉर्चवर धरलं. आत लाल कोळी. म्हणजे मधोमध ठिपका आणि चारी बाजूंना बारीक शिरा. जीव. दुसरं धरलं, तसंच. तिसरं कोरं होतं. मग पुन्हा सलग लाल. ट्रे संपला. मग शेजारच्या रांगेचा ट्रे घेतला. कोंबड्या त्याच वयाच्या, खाणं तेच, फक्त नर पत्र्याखालचे. तो निम्मा कोरा.

"अंडी पुसली कोणी?" त्यांनी विचारलं.

सहादू म्हणाला, "दोनी ट्रे निकितावहिनींनीच पुसल्यात, आण्णा. गोजराआक्का गेल्यावर म्याच बोलावलं व्हतं. दुसऱ्यांच्या हातनं फुटत्यात."

पप्पा टॉर्च हातात धरूनच दाराकडे वळले. बंद करायचा विसरले. मग म्हणाले, "पंखे सांगून टाक. फवारापण. माद्या ऱ्हाऊ दे." आणि बाहेर जाता जाता, "संतोषची माफी माग रे बाबा. घरात ऱ्हावं लागतं मला."

संध्याकाळी मी ट्रे उतरवायला गेलो तर वहिनी खोलीत होती. म्हटलं, वहिनी, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला.

ती म्हणाली, "झाला. माझ्यासाठी भांडा असं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, भाऊ. माझं नाव तुम्ही फार्मभर केलं."

मी ट्रे खाली ठेवला.

"मागणार आहात माफी?"

"दिशा..." म्हणजे मी तुझं नाव घेणार होतो, थांबलो. म्हटलं, "सगळे म्हणतायत."

ती अंडं पुसत राहिली. मग म्हणाली, "बोलायच्या आधी विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते. पण आता बोललात. आता तुम्ही खोटं बोललो म्हणालात ना, तर ते माझ्यावर कायमचं शिक्कामोर्तब होईल. मग मला कोणी विचारणार पण नाही. तेवढं करू नका."

दिशा, मी तुला खूप दिवसांनी खरं विचारतो. तू तिच्या जागी असतीस तर माझ्याकडून काय मागितलं असतंस?

राकेश


नाशिक, १६ मे

दिशा,

हे मी आमच्या अंबडच्या घरी बसून लिहितोय. आई विचारतेय सुट्टी किती दिवसांची. मी सांगितलं नाही अजून.

परवा पप्पांनी मला घरी बोलावलं. फार्मवर नाही, घरी. इतक्या महिन्यांत मी तुमच्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला. कोचावर गोजराआत्या, बाजूला दादा, पप्पा खुर्चीत. भिंतीवर तुझा दहावीचा फोटो आहे, दोन वेण्यांचा. मला त्याच्या बरोबर समोर बसवलं. मुद्दाम नसेल, पण मला कुठं बघावं कळेना.

पप्पा म्हणाले, "दिशाचा फोन आला व्हता. तिनं मला समदं सांगितलं."

मला वाटलं आता उठून मारतील. ते म्हणाले, "मला आवडलं नाय. लपून माझ्याच फार्मवर ऱ्हायलास, ते तर मुळीच नाय. पण तू काम केलं. आडनावाचं मी बघून घेतो, भावकीला काय सांगायचं ते माझं मी बघतो. पोरीचा हट्ट हाय. तिनं एकच अट घातली, आन् माझीपण तीच हाय. संतोषसमोर, आक्कासमोर म्हण की मी रागाच्या भरात वेडंवाकडं बोललो, त्यात काय अर्थ नव्हता. बास. पुढं आपण बसून बोलू."

तू सांगितलंस. घरी. आपलं. माझ्यासाठी तू एवढं केलंस, आणि मला ते अशा वेळी कळलं. मला तुझ्या फोटोकडं बघवेना. मी आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट समोर टेबलावर ठेवली होती, आणि तिच्यावर एका वाक्याचं कुलूप होतं. माझ्या तोंडात वाक्य तयारही होतं. मी काही संत नाही. म्हणणार होतो.

मी दादाकडे वळलो. म्हटलं, "दादा, मी चारचौघांत बोललो, ते चुकलं. कॉलर तुम्ही धरलीत ती बरोबरच होती. भट्टीचं बोललो तेही मला माहीत नसताना बोललो. त्याची माफी मागतो."

दादानं मान हलवली. आत्या म्हणाल्या, "आन् बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"तपासायचं बिपासायचं बोलला ते. त्यात काय अर्थ नव्हता, म्हण."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आतल्या दारात आली. ट्रे हातात तसाच धरून उभी राहिली. माझ्याकडे बघत नव्हती. कोणाकडेच नाही.

मी म्हटलं, "त्यात अर्थ होता."

"राकेश," पप्पा म्हणाले. त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं. आजवर मी 'तू', नाहीतर 'सुपरवायझर'. "एक वाक्य हाय रे."

"आण्णा, तुम्ही स्वतः दोन्ही ट्रे बघितले. एकच हात, एकच पुसणं. कोरं निघालं तर दोन्हीकडं बघायचं, एवढंच मी म्हणालो. दादांत खोट आहे असं मी आजही म्हणत नाही. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, कारण कोणी बघितलंच नाही. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही."

"मग दिशाचं काय?"

"दिशाला मी लिहीन."

आत्या म्हणाल्या, "बघितलं का, कारभारी. ह्याला पोरगी देणार व्हता तू."

वहिनीनं ट्रे टेबलावर ठेवला. एकेकाला कप दिला. आत्यांना, पप्पांना, मला. दादापाशी आली, कप त्याच्या हातात दिला आणि कपाला धरूनच म्हणाली, "सोमवारी माझी तारीख आहे नाशिकला. डॉक्टर म्हणालेत दोघांनी या. येता का?"

इतक्या साध्या आवाजात, जसं कोणी भाजी आणायला विचारतं. सगळ्यांसमोर. दादा कपाकडे बघत राहिला. त्यानं हो म्हटलं नाही. पण नाही म्हणायलाही त्याचं तोंड उघडेना. वहिनी तशीच उभी राहिली, उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही अशी.

म्हणून सांगतो, दिशा, मी हरून आलो असं समजू नकोस. तुला मी एका वाक्यावर घालवलं असं तुला वाटेल. वाटू दे. तू मला जे वाक्य म्हणायला सांगत होतीस, ते म्हणून मी तुझ्या घरात जावई म्हणून बसलो असतो, आणि रोज त्याच दारातून वहिनी चहा घेऊन आली असती. तू ते बघू शकली असतीस का, हे तू ठरव. मला नसतं जमलं. तुझ्यावरचं माझं प्रेम याच्यानं तसूभरही कमी झालेलं नाही. तुला नको असेल तरी ते राहणार. ते मला कोणाला विचारून करायचं नाही.

पप्पा शेवटी म्हणाले, "पंखे मी बसवतो. तू जा आता." रागानं नाही म्हणाले. दमल्यासारखे म्हणाले.

मी चहा संपवला. वहिनीनं दिला होता, अर्धा टाकायचा नव्हता. कप टेबलावर ठेवला, उठलो, उंबऱ्याबाहेर चपला घातल्या. आत वहिनी अजून दादासमोरच उभी होती. मी मागं वळून दार ओढलं, आपटलं नाही, कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत ओढलं, आणि चालू लागलो.

राकेश